कोनाड्यातली खूण

हे कोणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. बाबांनासुद्धा नाही. मी तशीही फार बोलत नाही. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही, त्यामुळे आईला माझी काळजी वाटत नसावी. पण गप्प राहणं वेगळं आणि लपवणं वेगळं, हे मला या हिवाळ्यात कळलं. म्हणून लिहिते आहे. आई आत पोळ्या लाटते आहे. तिचं होईपर्यंत मला वेळ आहे.

माझं नाव यशश्री. आम्ही नाशिक रोडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई सरकारी ऑफिसात आहे. बाबा मालेगावला बँकेत आहेत, ते शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात. माझी धाकटी बहीण वल्लरी पहिलीत आहे. ‘आहे’ हे मी सवयीने लिहिलं.

वल्लरी सगळ्यांना माहीत होती. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला ती आमच्या घरात काल कशावरून भांडण झालं ते सांगायची. शाळेतून तिच्या तक्रारी यायच्या. जेवताना ती अर्धं ताट सांडायची. आई दमून आलेली असली की म्हणायची, “कोणाला तरी देऊनच टाकते हिला.” मग दोघी हसायच्या. मीही हसायचे. मला मात्र ते थोडं खरं वाटायचं, आणि आज मला त्याचीच लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझा मावसभाऊ देवव्रतदादा आला. त्याला जिओकॅशिंगचं वेड आहे. हा जगभर चालणारा लपवाछपवीचा खेळ आहे. कोणीतरी एखाद्या जागी डबा लपवतं आणि ती जागा ॲपवर टाकतं. फोनमध्ये बाण दिसतो, त्याच्या मागे जायचं. डब्यात एक कागद असतो, त्यावर नाव लिहायचं. शिवाय बारीकसारीक वस्तू असतात, बिल्ले, गोट्या, किचेन. आवडली तर एक घ्यायची आणि तिच्या जागी आपली एक ठेवायची.

“घ्याल तर ठेवाल,” दादा म्हणाला. “फुकट्यांचा खेळ नाही हा.”

हरसूलच्या रस्त्यावर, आत डोंगरात, एका ओस पडलेल्या प्रार्थनाघराजवळ असा एक डबा होता. दादाचा नाशिकमधला मित्र ललित त्याच्या वडिलांची गाडी घेऊन आला. ललितबद्दल मी एवढंच लिहीन की तो घरी आला की मला पाणी पितानाही ठसका लागायचा.

निघताना आई म्हणाली, “हिलाही न्या. मला एक दुपार तरी पडू दे.”

म्हणून वल्लरी आली. पिवळा फ्रॉक, केसांत पिवळी क्लिप, आणि तोंड सुरू.

त्र्यंबकच्या पुढे दादाने त्या जागेची माहिती मला मोठ्याने वाचायला लावली. ती डबा लपवणाऱ्या कोणा निवृत्त प्राध्यापकांनी ॲपवर लिहिलेली होती. मी वाचली. म्हणजे मला सगळं आधीच माहीत होतं. ते इथे सांगायलाच हवं.

शंभरावर वर्षांपूर्वी त्या डोंगरात मोठा दुष्काळ पडला होता. मिशनच्या लोकांनी तिथे मुलांसाठी एक घर काढलं. ते घर कधीच पडलं, प्रार्थनाघर तेवढं उरलं. डोंगरातली माणसं पोट भरायला खाली उतरायची, तेव्हा चालू न शकणारी पोरं तिथे ठेवून जायची. पोरांना आपल्या पाड्याचं नावही धड सांगता यायचं नाही. म्हणून आई हातातली बांगडी फोडायची. अर्धा तुकडा स्वतःजवळ ठेवायची, अर्धा मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात. परत आली की ती कोनाड्यातली खूण उचलायची, आणि खूण जिच्या हातात, तिच्या हाती मूल द्यायचे. शेवटी त्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं की बऱ्याच खुणा कोणी उचलल्याच नाहीत, असं तिकडची म्हातारी माणसं सांगतात.

“म्हणजे क्लोकरूमची पावती,” दादा म्हणाला.

ललित हसला, म्हणून मीही हसले. आणि तेवढ्यात, वळणावर, वल्लरीने ओकारी काढली. मागच्या सीटवरून पुढे वाकून. ललितच्या बुटांवर.

गाडी थांबवली. ललित “असू दे, असू दे” म्हणत होता, पण त्याने नाक दाबलं होतं. रस्त्याच्या कडेला एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. तिने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. पदरातून एक आवळा काढून वल्लरीच्या हातावर ठेवला.

“चोख बाय. वळणाचा रस्ता, पोटात ढवळायचंच.”

वल्लरीने लगेच तिला तिचं नाव विचारलं, शेळ्यांची नावं विचारली, आणि आपण कुठे राहतो, बाबा कधी येतात, सगळं सांगितलं. बाईचं नाव नवसाबाई होतं.

“देवळात जाताय व्हय?” ती दादाला म्हणाली. “काय नाय आता तिथं. वटवाघळं हायेत. पुढनं बघा आन् या. मागल्या अंगाला नका जाऊ.”

“साप आहेत का?”

“साप कोठं नसत्यात?” ती म्हणाली, आणि शेळ्यांकडे बघायला लागली.

प्रार्थनाघर रस्त्यापासून थोडं आत होतं. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि आमच्या चालण्याचा खसखस असा आवाज येत होता. भिंती काळ्या दगडाच्या, छप्पर अर्धं बसलेलं. खिडक्यांना काचा नव्हत्या, नुसत्या उंच, टोकदार पोकळ्या. आत पाऊल टाकलं तर उग्र वास आला, वटवाघळांचा, आणि त्याच्या खाली दुसरा एक. ओल्या चुन्याचा. विझवलेल्या राखेचा. बाहेर दुपारचं ऊन होतं, पण आत आपण बोललो की आवाज लगेच संपायचा, कोणीतरी तोंडासमोर हात धरल्यासारखा.

बाण एका जागी थांबत नव्हता. झाडांखाली आणि जाड भिंतींजवळ असं होतं, असं दादा म्हणाला. त्याने मला त्याचा दुसरा फोन दिला आणि आम्ही पांगलो. मी ललितच्या जवळपास शोधत राहिले. मनात एक वाक्य जुळवत होते, बुटांबद्दल सॉरी म्हणायचं. ते जवळजवळ जुळलं होतं.

“ललितदादा,” वल्लरी मध्येच म्हणाली, “ताई तुझा फोटो बघत झोपते. मोठा करून बघते, असा.” आणि तिने दोन बोटांनी हवेत करून दाखवलं.

दादा खोकल्यासारखं हसला. ललितने अगदी चांगुलपणाने दुसरीकडे पाहिलं, आणि तेच मला सहन झालं नाही. माझे कान तापले. मी फोनमधल्या बाणाकडे बघत भिंतीच्या कडेने चालत सुटले, आणि थांबले तेव्हा मी मागच्या बाजूला होते.

तिथे वारा नव्हता. बाण सरळ भिंतीकडे होता. कमरेच्या उंचीवर एक दगड किंचित पुढे आलेला होता. मी तो ओढला. मागे कोनाडा होता आणि कोनाड्यात एक गंजलेला चपटा डबा. मला वाटलं, सापडला. त्या क्षणी मला फक्त एवढं हवं होतं की डबा मला सापडावा आणि सगळ्यांनी त्याबद्दल बोलावं, दुसऱ्या कशाबद्दल नाही.

झाकण काढलं. आत कागद नव्हता. एका चिंधीत हिरव्या काचेचा बांगडीचा अर्धा तुकडा होता. इतका लहान की ती बांगडी घालणारी बाई फार बारीक असावी.

मला ती माहिती आठवली नाही असं मी लिहिणार होते. पण ते खोटं होईल. मला आठवली.

“ताई, काय आहे? मला दे ना.” वल्लरी मागोमाग आली होती. तोंडाला आवळ्याचा रस लागलेला. “ताई, तू रडतेयस? मी ललितदादाला सांगू?”

मी तुकडा खिशात टाकला. घ्याल तर ठेवाल. माझ्याजवळ ठेवायला काही नव्हतं. मी वल्लरीच्या केसांतली क्लिप ओढून काढली. दोन केस क्लिपबरोबर आले.

“माझी आहे ती,” ती म्हणाली.

“असू दे.”

मी क्लिप डब्यात ठेवली, डबा कोनाड्यात सरकवला. ती रडायला लागली, तिचं ते भोंग्यासारखं रडणं, जे पुढे ललितला ऐकू जाणार होतं. मग मी तिचा दंड धरला, तिला त्या कोनाड्याखाली बसवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “बस इथेच. तुला न्यायला कोणी येणार नाही.”

मी कोणाशी मोठ्याने बोलत नाही. तेही हळूच बोलले. पण तिथे ते नीट ऐकू गेलं असावं.

मी कोपरा वळले, आणि मागे रडणं थांबलं. हळूहळू कमी झालं नाही. थांबलं. मला बरं वाटलं. मी खिडकीच्या दगडाला टेकून डोळे पुसले. मग एका लहान हाताने माझं बोट धरलं. हात कोरडा होता, आणि थंड.

“चल,” मी म्हणाले. खाली पाहिलं नाही.

तेवढ्यात पुढून दादाची हाक आली. डबा त्याला मिळाला होता, पुढच्या पायऱ्यांच्या फटीत. प्लॅस्टिकचा, आत कागद, गोट्या आणि एक क्रिकेटचा बिल्ला. म्हणजे मी जो उघडला तो खेळाचा नव्हताच. मी कागदावर नाव लिहिलं आणि काही बोलले नाही. वल्लरी माझ्या बाजूला उभी होती. तीही काही बोलली नाही.

परतताना नवसाबाई तिथेच होती. दादाने तिला हात केला. तिने गाडीत डोकावून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

“आन् ती मघाची बोलकी पोरगी कोठं ठेवली?”

“ही काय,” दादा हसत म्हणाला. “पोट रिकामं झालं, बोलणंही संपलं.”

नवसाबाई हसली नाही. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, शेळ्यांना हाकललं आणि मागे न बघता उतारावरून चालायला लागली. सबंध घाटात वल्लरीला एकदाही मळमळलं नाही. हात मांडीवर ठेवून ती सरळ बसली होती, आणि गाडीत ओल्या चुन्याचा वास होता. आपल्या कपड्यांना लागला असेल, असं ललित म्हणाला.

घरी सगळे खूश झाले. ही मुलगी सांगितलेलं ऐकायची. ताटात काही टाकायची नाही, ताट चाटून पुसायची, खाली सांडलेला भाताचा दाणा बोटाने टिपून खायची. शाळेतून बाईंचा फोन आला, वल्लरी किती सुधारली. बाबा तिला मांडीवर घेऊन म्हणाले, “शहाणं झालं माझं बाळ.” ती त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

मी तिच्यासोबत एका खोलीत झोपते, म्हणून मला बाकीचं दिसलं. ती हात छातीशी घेऊन उताणी झोपायची, रात्रभर कूस बदलायची नाही. गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली पोळीचे वाळलेले तुकडे होते. मोज्यांच्या खणातही होते. दप्तरात पेरूच्या साली. मी तिला विचारलं, हे कशाला? ती तुकडे माझ्या हातातून एकेक करून परत घेत म्हणाली, “उद्याला.”

आणि रोज झोपताना ती मला एकच विचारायची. अंधारात, अगदी हळू.

“उद्यापण मी इथंच ना?”

मी हो म्हणायचे. काय म्हणणार होते? तिने कधी माझं गुपित कोणाला सांगितलं नाही. ललित घरी आला तर ती दाराआड जाऊन बसायची, मला बोलता यावं म्हणून. ती मला आवडायला लागली होती. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिलं. मला सगळं कळत होतं, आणि ती मला आवडत होती. वल्लरी कुठे असेल, हा विचार आला की मी अभ्यासाचं पुस्तक उघडायचे.

मग गेल्या आठवड्यात देवव्रतदादा पुन्हा आला. गॅलरीत बसून तो फोन बघत होता, आणि मला म्हणाला, “हे ऐक, तुझ्या त्या देवळाबद्दल कोणीतरी लिहिलंय.”

डबा शोधणारे लोक ॲपवर आपला अनुभव लिहितात. मुंबईच्या एका जोडप्याने लिहिलं होतं. दादा वाचून दाखवत होता.

“‘जागा छान, शांत. मागच्या बाजूला एक खूप म्हातारी बाई राहते. डबा कुठे आहे ते तिनेच पळत येऊन दाखवलं. जरा वेडसर वाटते. पांढऱ्या केसांत लहान मुलींची असते तशी पिवळी क्लिप. आम्हाला आमची नावं विचारली, कुत्र्याचं नाव विचारलं. आमच्या गाडीत बसायचा हट्ट करत होती. निघालो तेव्हा फार रडली. वाईट वाटलं.’” दादाने फोन खाली ठेवला. “आपल्याला नाही दिसली ही.”

मी गॅलरीचा गज धरला. म्हातारी... खूप म्हातारी. तिथे वाट बघणाऱ्याचे दिवस आपल्यासारखे जात नसावेत. आम्ही तिला तिथे ठेवून आलो त्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी खाली बघून बोलत होते, कोनाडा, तुकडा, क्लिप, आणि मी वल्लरीला जे म्हणाले तेसुद्धा. आईचे हात थांबले नाहीत. मी संपवलं तरी ती काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला करत राहिली.

“आई, ऐकलंस ना?”

“पहिल्याच दिवशी आंघोळ घातली तेव्हा कळलं मला,” ती म्हणाली. “पोटची पोर ओळखता येत नाही का?”

“मग तू...”

“गेले होते मी. दुसऱ्याच आठवड्यात. ऑफिसला खोटं सांगितलं, आजारी आहे म्हणून. ललितकडून रस्ता विचारून घेतला.” तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. “मला वाटलं, बसली असेल रडत. उचलून आणीन. तर तिथे एक म्हातारी होती. माझ्या आईपेक्षा म्हातारी गं. ती आली आणि तिने माझा पदर धरला... आणि मला आई म्हणाली.”

बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“तिलाच आणायचं होतंस,” मी म्हणाले.

“काय म्हणून आणू? बाबांना काय सांगू? सोसायटीत काय सांगू, ही माझी पहिलीतली मुलगी?” आईचा आवाज चढला नाही. “माझ्याजवळ डबा होता, पोळी-भाजीचा. तो दिला तिला. ती खायला बसली, आणि मी... मी तशीच गाडीत येऊन बसले.”

“आणि ही?”

आईने दाराकडे पाहिलं. ती तिथे उभी होती, कधीची, चौकटीला चिकटून. पोळीचा तुकडा मुठीत.

“हिला तरी आता कुठे नेऊन ठेवू?” आई म्हणाली. “ये बाळ. ये इकडे.” तिला जवळ घेऊन आईने माझ्याकडे न बघता सांगितलं, “हे पुन्हा बोलायचं नाही. बाहेर तर नाहीच नाही. बाबांनाही नाही.”

मी हो म्हणाले. आणि खरं सांगू, मला हायसं वाटलं. आई म्हणाली म्हणजे ठरलं. आता तो माझा एकटीचा गुन्हा नव्हता. मी त्या रात्री पोटभर जेवले.

पण मला आता झोप लागत नाही. तो हिरवा तुकडा माझ्या कंपासपेटीत आहे. तो परत नेऊन ठेवला तर ही जाईल, आणि येईल ती कोण येईल? आणि नाही ठेवला तर ती तिथे लोकांच्या गाड्यांमागे पळत राहील. दोघींपैकी एकीला मी पुन्हा ‘बस इथेच’ म्हणायला हवं. मी रविवारी जायचं ठरवलं आहे. बसची चौकशीही केली आहे. त्याच्या आधी कोणाला तरी कळावं म्हणून हे लिहायला घेतलं.

ती आत्ता माझ्या टेबलाखाली बसली आहे. रोज बसते. मी काय लिहिते, असं तिने मघाशी विचारलं, मी निबंध म्हणाले. तिला अजून वाचता येत नाही, पण तिने माझा पाय धरून ठेवला आहे.

हॉलमधला इंटरकॉम वाजतो आहे. आईने उचलला. तिचे हात पिठाचे असतील, म्हणून तिने स्पीकरवर टाकला असावा, कारण गेटवरच्या पुंजाकाकांचा आवाज मला इथे ऐकू येतो आहे. ऐकू येतंय तसं लिहिते.

“मॅडम, एक म्हातारी आलीय गेटवर. भिकारी वाटत नाय. तुमचा फ्लॅट नंबर बरोबर सांगती. पाय लय सुजलेत तिचे, डोंगरातनं चालत आले म्हणती.”

आई दाराची कडी लावते आहे, आवाज येतो.

“मॅडम, आन् तिच्या मागं पोरं हायेत. ही एवढी बारकी. रस्त्याच्या कडंला रांगेत बसलीत सगळी, चिडीचूप. कोणाची म्हणून विचारलं तर म्हणती, यांना पण वर न्यायचंय. काय करू? पाठवू का?”

पोळी करपल्याचा वास येतो आहे. टेबलाखालचा हात घट्ट झाला आहे. माझ्या पायाला तिची नखं लागतात.

“यशश्री,” आई हाक मारते आहे. “यशश्री, इकडे ये. तू बोल त्यांच्याशी. सांग, असं कोणी आम्ही ओळखत नाही म्हणून. ये ना लवकर.”

मी उठते. मला माहीत आहे की मी गप्प उभी राहीन, आणि मग आई सांगते तेच शब्द अगदी हळू म्हणेन.